चार्ल्स लॉटनचा गॅलिलिओ

1947 सालच्या जुलैअखेरीस लॉस एंजलिसमध्ये उकाड्याने लोक हैराण झाले होते. ला सिएनेगा बुलेवार्डवरचं कॉरोनेट थिएटर अगदीच लहान, जेमतेम 260 खुर्च्यांचं. 30 जुलैला तिथे एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. नाटकात प्रेमप्रकरण नव्हतं, खून नव्हता. सतराव्या शतकातला एक गणिताचा प्राध्यापक पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सिद्ध करत जातो आणि पुढे धर्मसत्तेला घाबरून आपलं म्हणणं मागे घेतो, एवढीच गोष्ट. प्रमुख भूमिका करणारा नट मात्र जगभरच्या सिनेमागृहांत ओळखीचा. प्रयोगाआधी त्याला एकाच गोष्टीची काळजी लागून राहिली होती : अशा उकाड्यात माणसं विचार कसा करणार? त्याने बर्फाने भरलेले ट्रक मागवले, थिएटरच्या भिंतींना लागून उभे करायला लावले आणि पंखे चालू ठेवायला सांगितले. ही हकीकत नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तने स्वतः लिहून ठेवली आहे.

प्रेक्षकांना हसू यावं, रडू यावं म्हणून जिवाचं रान करणारे नट पुष्कळ झाले. त्यांना विचार करता यावा म्हणून बर्फ मागवणारा नट मला तरी दुसरा माहीत नाही. त्याचं नाव चार्ल्स लॉटन. त्या एका नाटकावर त्याने आयुष्याची जवळजवळ तीन वर्षं घातली होती, आणि तीही हॉलिवूडमध्ये त्याच्या एकेका दिवसाला चांगली किंमत मिळत असताना. या खटाटोपातून त्याच्या पदरात पडले फार थोडे प्रयोग. तरीही लॉटनचं आयुष्य समजून घ्यायचं तर सुरुवात ऑस्करपासून न करता या नाटकापासून करावी, असं मला वाटतं.

त्याचा जन्म 1 जुलै 1899चा, यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरो गावातला. आईवडिलांचं हॉटेल होतं आणि त्या व्हिक्टोरिया हॉटेलातच तो जन्मला. हवापालटाला येणाऱ्या पाहुण्यांवर चालणारं हे गाव. तीन भावांत चार्ल्स थोरला, त्यामुळे धंदा त्यानेच सांभाळायचा हे गृहीतच होतं. आई कडक कॅथलिक. तिने मुलाला जेझुइट पाद्र्यांच्या स्टोनीहर्स्ट शाळेत घातलं. पुढे हॉटेलचं काम शिकायला त्याला लंडनच्या क्लॅरिजेसमध्ये पाठवण्यात आलं. मग पहिलं महायुद्ध. त्याच्या अखेरच्या दिवसांत हा पोरगा आघाडीवर होता आणि तिथे त्याच्या छातीत विषारी वायू गेला. परत आल्यावर काही वर्षं त्याने निमूटपणे हॉटेल चालवलं आणि संध्याकाळी गावातल्या हौशी मंडळींबरोबर नाटकं केली.

पंचविशी उलटल्यावर त्याने घरच्यांना नाटकाचं शिक्षण घेण्यासाठी राजी केलं. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये तो 1925 साली दाखल झाला आणि सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. 1926च्या एप्रिलमध्ये बार्न्सच्या छोट्या थिएटरात गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'मधला नोकर ओसिप ही त्याची पहिली व्यावसायिक भूमिका. दिग्दर्शक होता रशियाहून आलेला कोमिसारजेव्हस्की. दोन वर्षांत लॉटन वेस्ट एंडच्या रंगभूमीवर ठळकपणे दिसू लागला. अगाथा ख्रिस्तीचा हर्क्यूल प्वारो रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला तो 1928 साली 'ॲलिबाय' नाटकात, आणि तो प्वारो लॉटनचा होता. दरम्यान एका नाटकाच्या निमित्ताने त्याची एल्सा लँचेस्टर या नटीशी ओळख झाली होती. 1929 साली त्यांनी लग्न केलं.

लॉटन दिसायला नायकासारखा नव्हता. गोल, जाड, पडक्या ओठांचा, चालताना अंग सावरत चालणारा. आपण कुरूप आहोत ही खंत त्याला आयुष्यभर जाळत राहिली. दुसरी एक गोष्टही होती, जी त्याने जगापासून लपवली. त्याचा ओढा पुरुषांकडे होता. एल्साने त्याच्या मृत्यूनंतर, 1983 साली आलेल्या आत्मचरित्रात हे उघडपणे लिहिलं. इंग्लंडमध्ये अशा संबंधांना 1967पर्यंत कायद्याने शिक्षा होती आणि अमेरिकेतही परिस्थिती वेगळी नव्हती. ही गोष्ट चवीने चघळण्यासाठी मी सांगत नाही. पुढे 1947 साली लॉटन काय करू शकत होता आणि काय नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

ज्या देहाची त्याला लाज वाटायची, त्याच देहाच्या जोरावर तो मोठा झाला. 1933 साली अलेक्झांडर कोर्डाने 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' काढला. चित्रकार होल्बाइनने रंगवलेला आठवा हेन्री, कंबरेवर हात आणि पाय फाकून उभा, लॉटनने जसाच्या तसा पडद्यावर आणला. कोंबडीची तंगडी दातांनी ओरबाडणारा, हाडं भिरकावणारा तो राजा आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. या भूमिकेला ऑस्कर मिळालं. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या चित्रपटातल्या नटाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी तो लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये टायरन गथ्रीच्या हाताखाली एक संपूर्ण हंगाम शेक्सपिअर आणि चेकॉव्ह करायला गेला. हॉलिवूड हात जोडून उभं असताना घेतलेला हा निर्णय होता. मॅकबेथ फसला. 'मेझर फॉर मेझर'मधला अँजेलो मात्र जमला : बाहेरून धर्मनिष्ठ आणि आतून वासनेने पेटलेला न्यायाधीश.

पुढचे चित्रपट बहुतेक चित्रपटप्रेमींना माहीत असतात. 1935 या एका वर्षात 'ला मिझेराब्ल'मधला जाव्हेर आणि 'म्युटिनी ऑन द बाउंटी'मधला कॅप्टन ब्लाय. ब्लायसाठी त्याने लंडनच्या गीव्ह्ज या शिंप्यांची पेढी गाठली, कारण अठराव्या शतकातल्या खऱ्या ब्लायचे कपडे याच पेढीने शिवले होते. जुन्या वह्यांत मापं सापडली आणि त्यावरून गणवेश बेतला गेला. 1936 साली तो पॅरिसच्या कोमेदी फ्रान्सेझमध्ये मोलिएरचा एक अंक फ्रेंचमध्ये करून आला. त्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभा राहिलेला तो पहिला इंग्रज नट.

मला मात्र इथे थांबावंसं वाटतं ते एका अपुऱ्या चित्रपटापाशी. 1937च्या सुरुवातीला कोर्डाने डेनमच्या स्टुडिओत रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या 'आय, क्लॉडियस'चं चित्रण सुरू केलं. दिग्दर्शक योझेफ फॉन स्टर्नबर्ग. लंगडा, तोतरा, सगळ्यांनी मूर्ख ठरवलेला आणि म्हणूनच जिवंत राहिलेला रोमन सम्राट लॉटन करणार होता. चित्रण सुरू झालं आणि हा माणूस सेटवर कासावीस होऊन बसे. पात्र सापडत नाही, असं म्हणे. दिग्दर्शक चिडायचा, दिवस वाया जायचे. शेवटी लॉटनला वाट सापडली ती एका ध्वनिमुद्रिकेत. आठव्या एडवर्डने नुकताच, 1936च्या डिसेंबरात राजत्याग केला होता आणि रेडिओवरून देशाचा निरोप घेतला होता. ते भाषण लॉटन पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. त्या आवाजातला मोडलेला आणि तरीही मान ताठ ठेवू बघणारा राजा त्याला क्लॉडियसपर्यंत घेऊन गेला. मार्चमध्ये मेसालिनाची भूमिका करणाऱ्या मर्ल ओबेरॉनला मोटार अपघात झाला आणि कोर्डाने चित्रपटच गुंडाळला.

मर्ल ओबेरॉन आपल्या मुंबईची. जन्म इथला, 1911चा. आपण टास्मानियात जन्मलो असं ती जन्मभर सांगत राहिली, कारण हिंदी रक्ताची मुलगी नायिका म्हणून त्या काळच्या लंडन-हॉलिवूडला चालली नसती. त्या सेटवर समोरासमोर उभी राहिलेली ही दोन माणसं, दोघंही आपलं खरं जगापासून दडवून जगणारी. 'आय, क्लॉडियस'चे उरलेले तुकडे 1965 साली बीबीसीने एका माहितीपटात दाखवले. सिनेटपुढे बोलायला उभा राहिलेला क्लॉडियस त्यात आहे. आधी अडखळणारा, मग हळूहळू ज्याच्या शब्दांना धार चढत जाते असा. ती काही मिनिटं पाहिल्यावर चित्रपट पुरा झाला नाही याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

1939 साली 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'. त्याचं चित्रण चालू असतानाच सप्टेंबरात इंग्लंडने युद्ध पुकारल्याची बातमी आली. दिग्दर्शक विल्यम डीटर्लने नंतर सांगितलं आहे, की त्या दिवशी घंटा वाजवण्याच्या प्रसंगात लॉटन थांबेचना. अंगातलं त्राण संपेपर्यंत तो घंटेचे दोर ओढत राहिला. पहिल्या युद्धातला वायू ज्याच्या छातीत गेला होता त्याला दुसऱ्या युद्धाची बातमी कशी लागली असेल, याचा अंदाज करता येतो.

युद्धाच्या वर्षांत त्याचे चित्रपट सुमार होत गेले. पोट भरत होतं, पण मन मरत होतं. याच काळात तो कॅलिफोर्नियातल्या लष्करी इस्पितळांत जखमी सैनिकांना वाचून दाखवायला जाऊ लागला. बायबल, डिकन्स, इसापाच्या गोष्टी. ना वेशभूषा, ना रंगमंच, हातात पुस्तक आणि समोर ऐकणारी माणसं. भाषेवरचं त्याचं जुनं प्रेम तिथे पुन्हा जागं झालं. नेमक्या याच सुमारास, 1944 साली, सांता मोनिकात पटकथाकार साल्का व्हीर्टेलच्या घरी त्याची ब्रेख्तशी गाठ पडली.

मराठी नाटकवाल्यांना ब्रेख्त परका नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा' यांमुळे तो आपल्याकडे रुळला. 1944 सालचा ब्रेख्त मात्र हॉलिवूडमध्ये कुणाच्या खिजगणतीत नव्हता. हिटलर आल्यावर जर्मनी सोडून तो डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड असा हटत हटत, शेवटी व्लादिवोस्तोकहून बोटीने 1941 साली अमेरिकेत पोहोचला होता. पटकथा विकण्याची त्याची धडपड बहुतेक वाया जात होती. त्याच्या पोतडीत 1938-39 साली डेन्मार्कमध्ये लिहिलेलं गॅलिलिओवरचं नाटक होतं. 1943च्या सप्टेंबरात झ्युरिचमध्ये त्याचा प्रयोग झाला होता, पण लेखकाला तो बघायलाही मिळाला नव्हता. लॉटनने एका कच्च्या इंग्रजी भाषांतरात ते वाचलं आणि तो झपाटल्यासारखा झाला.

1944च्या डिसेंबरात दोघं कामाला बसले. पॅसिफिक पॅलिसेड्समधलं लॉटनचं घर समुद्रावरच्या कड्यावर होतं. घरात रेन्वारची चित्रं, कोलंबसाच्या आधीच्या अमेरिकी संस्कृतींतल्या मूर्ती आणि भोवती एक बाग, जिच्यावर मालकाचा जीव जडलेला. त्या वर्षी कडा खचला आणि बागेचा एक भाग खाली गेला. लॉटन हळहळत बसला आणि ब्रेख्तने त्या बागेवर कविता लिहिली. सकाळी ब्रेख्त यायचा तेव्हा हा अनवाणी, शर्ट-पाटलोणीवर ओल्या गवतातून धावत सामोरा यायचा आणि आधी ताटव्यांतला एखादा नवा बदल दाखवायचा. मग नाटक.

अडचण अशी की लॉटनला जर्मनचा गंध नव्हता आणि ब्रेख्तचं इंग्रजी जेमतेम. यावर त्यांनी जो मार्ग काढला तो नाटकाच्या इतिहासात एकमेव असावा. ब्रेख्त एखादा संवाद आपल्या मोडक्या इंग्रजीत, कधी सरळ जर्मनमध्येच, करून दाखवायचा. उभं राहणं, वळणं, हाताची हालचाल यांसकट. लॉटन तोच संवाद इंग्रजीत करून दाखवायचा, एकदा असा, एकदा तसा, पुन्हा वेगळा. ब्रेख्त मान हलवत राहायचा. एका क्षणी तो म्हणायचा, हेच. मग लॉटन ते वाक्य हाताने लिहून काढायचा. पुष्कळशी वाक्यं दिवसेंदिवस खिशात घेऊन फिरायची आणि बदलत राहायची. शब्दकोशांचा ढीग टेबलावर असायचाच, पण अंतिम निकाल लागायचा तो उभ्या माणसाच्या अंगात वाक्य बसतं की नाही यावर. इसाप, बायबल, शेक्सपिअर, मोलिएर असं काय काय लॉटन मधूनच मोठ्याने वाचून दाखवायचा आणि ब्रेख्त ऐकत बसायचा. मध्येच एखादा चित्रपट यायचा, 'कॅप्टन किड'सारखा, आणि काम थांबायचं. चित्रपट संपला की पुन्हा सुरू.

6 ऑगस्ट 1945 रोजी हे काम निम्म्यावर असताना हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. ब्रेख्तने लिहिलं आहे, की बसचालक आणि फळबाजारातल्या बायका यांच्या तोंडून त्याला त्या दिवशी नुसती धास्ती ऐकू आली. विजय झाला होता, पण त्यात पराजयाची लाज मिसळलेली होती. आणि आधुनिक भौतिकशास्त्राच्या जनकाची कहाणी एका रात्रीत वेगळी वाचावी लागणार होती.

खरा गॅलिलिओ 22 जून 1633 रोजी रोममध्ये गुडघे टेकून, पृथ्वी फिरते हे आपलं मत खोटं असल्याचं बोलला. त्यानंतर तो आर्चेत्रीच्या घरात, धर्मसत्तेच्या नजरकैदेत मरेपर्यंत राहिला, आणि तिथेच लिहिलेला त्याचा मोठा ग्रंथ 1638 साली लायडनमध्ये छापला गेला. ब्रेख्तच्या मूळ नाटकात माघार घेणारा गॅलिलिओ धूर्त होता. तो वरवर शरण जातो, आतून काम चालू ठेवतो आणि ग्रंथ शिष्याच्या हाती बाहेर पोहोचवतो. हिटलरच्या राज्यात सत्य चोरून नेण्याचा मार्ग त्यात सुचवलेला होता. हिरोशिमानंतर ही धूर्तता पुरेशी वाटेना. ज्ञान सत्ताधाऱ्यांच्या स्वाधीन करून मोकळा झालेला शास्त्रज्ञ म्हणजे गुन्हेगार, अशी नवी मांडणी झाली. शेवटाकडच्या प्रवेशात ग्रंथ मिळाल्याच्या आनंदात शिष्य अंद्रेआ गुरूला निर्दोष ठरवू पाहतो आणि म्हातारा स्वतःच आपल्यावरचा आरोप एकेक करून सिद्ध करतो. नटाचा मोह असतो प्रेक्षकांची कणव मिळवण्याचा, त्यातून नायक आंधळा, म्हातारा आणि कैदी असेल तर विचारायलाच नको. लॉटनने ती कणव स्वतःहून सोडली. गॅलिलिओला लांडग्यांपुढे टाकायला तो तयार झाला.

नाटक उभं करायला आणखी दोन वर्षं गेली. निर्माते आले आणि गेले. दिग्दर्शनासाठी ऑर्सन वेल्सचं नाव पुढे आलं आणि मागे पडलं. अखेरीस तरुण जोझेफ लोझी दिग्दर्शक ठरला, पण तालमीत ब्रेख्त आणि लॉटन यांचाच शब्द चाले. संगीत हान्स आइसलरचं. लॉटनने स्वतःचे पैसेही घातले. 30 जुलैच्या प्रेक्षकांत चार्ली चॅप्लिन होता.

पहिल्याच प्रवेशात लॉटन कमरेपर्यंत उघडा येई. गॅलिलिओ सकाळी अंग धूत असतो, मधूनच दूध पितो आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या लहान मुलाला, अंद्रेआला, कोपर्निकस समजावून सांगतो. पोरगा पाठ पुसून देतो. तोंड धुण्याचं भांडं म्हणजे सूर्य. गॅलिलिओ पोराला खुर्चीसकट उचलतो आणि भांड्याच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवतो. सूर्य हलला नाही, तू हललास. ज्या पोटाची लॉटनला लाज वाटायची ते पोट इथे सर्वांसमोर होतं. ब्रेख्तने त्या पोटावर वेगळी कविताच लिहिली आहे. पाण्याचा स्पर्श, दुधाची चव, पाठीवरचा पंचा आणि नवा विचार या सगळ्यांचा आनंद या माणसाला एकाच जागी होतो, हे लॉटनने दाखवलं. विचार करणं ही त्याच्या गॅलिलिओची भूक होती.

मग शेवटाकडचा प्रवेश. कैदेतल्या म्हाताऱ्याला कुणीतरी हंस भेट पाठवले आहेत. डोळे जवळजवळ गेलेले, पण खाण्याची आसक्ती तशीच. आठव्या हेन्रीने चौदा वर्षांपूर्वी ज्या तोंडाने कोंबडी फाडली तेच तोंड आता हंस खातं, आणि बघणाऱ्याला हसू येत नाही. ज्या भुकेने त्याला दुर्बिणीपाशी नेलं तिनेच त्याला छळाच्या हत्यारांपुढे गुडघ्यावर आणलं, कारण देहाला सुखाची चटक असते आणि वेदनेची भीती. लॉटनच्या आजवरच्या साऱ्या भूमिका या एका ताटात येऊन मिळाल्या. ब्रेख्तची सहकारी रूथ बेर्लाउ हिने या प्रयोगाची असंख्य छायाचित्रं काढली. ब्रेख्तने पुढे त्यांच्या आधारे लॉटनने ही भूमिका कशी रचली याचं प्रवेशाप्रवेशाने टिपण लिहिलं. नटाच्या कामाचं इतकं बारीक वर्णन मी तरी क्वचितच वाचलं आहे.

समीक्षकांची मतं दोन्ही बाजूंनी होती. प्रयोग तीन आठवड्यांच्या आतच संपले. तोपर्यंत वॉशिंग्टनमध्ये 'अमेरिकाविरोधी कारवायां'ची चौकशी करणारी काँग्रेसची समिती हॉलिवूडकडे वळली होती. सप्टेंबरात आइसलरची चौकशी झाली. 30 ऑक्टोबर 1947 रोजी ब्रेख्त समितीपुढे उभा राहिला, आपण कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य नव्हतो आणि नाही असं त्याने सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी विमानाने पॅरिसला निघून गेला. अमेरिकेत तो परत कधी आला नाही. त्याच्यासोबत बोलावलेल्या दहा जणांनी उत्तरं द्यायला नकार दिला आणि ते पुढे तुरुंगात गेले. नोव्हेंबरच्या अखेरीस स्टुडिओ मालकांनी त्या दहांना काम न देण्याचं जाहीर केलं.

इथे लॉटनवर भित्रेपणाचा आरोप करणारे आहेत. ब्रेख्तपासून तो पुढे दूर राहिला, हे खरं आहे. त्याने ब्रेख्तचं दुसरं नाटक कधी केलं नाही. 1950 साली एल्सासह त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि आपली जागा पक्की केली. पण तारखा बघाव्यात. ब्रेख्त देश सोडून गेल्यानंतर पाच आठवड्यांनी, काळी यादी जाहीर झाल्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत, 7 डिसेंबर 1947 रोजी न्यूयॉर्कच्या मॅक्सीन एलियट थिएटरात तोच गॅलिलिओ पुन्हा उभा राहिला. नाटककार पळालेला, संगीतकार देशाबाहेर काढला जाण्याच्या वाटेवर, आणि प्रमुख नट परदेशी नागरिक. वर त्याच्या खासगी आयुष्यात असं काही, की कुणी बोट दाखवलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आला असता. कुठलंही कारण सांगून त्याला अंग काढून घेता आलं असतं. त्याने प्रयोग केले. सहाच झाले, पण केले. सत्तेपुढे वाकलेल्या माणसाचा गुन्हा तो त्या रात्री देशातल्या सगळ्यांत मोठ्या शहरात, ती सत्ता माणसं वाकवत असताना, स्वतःच्या तोंडाने सांगत होता. नंतर त्याने पाठ फिरवली, म्हणून ते आधीचं धैर्य खोटं ठरत नाही. मला तर तो माणूस यामुळे अधिक समजतो. घाबरलेल्या माणसाने घाबरलेला माणूस साकारला आणि त्याला माफ केलं नाही.

त्यानंतर लॉटन पुस्तकं वाचून दाखवण्याचे कार्यक्रम घेऊन अमेरिकेभर फिरला आणि छोट्या छोट्या गावांतली सभागृहं भरली. 1955 साली त्याने 'द नाइट ऑफ द हंटर' दिग्दर्शित केला. रॉबर्ट मिचमने त्यात लहान मुलांच्या मागे लागलेला खुनी धर्मोपदेशक केला आहे. चित्रपट आपटला. लॉटनने पुन्हा कधी चित्रपट दिग्दर्शित केला नाही. आज तो चित्रपट जगातल्या उत्तम चित्रपटांत मोजला जातो, पण हे त्याच्या हयातीत घडलं नाही, ही रुखरुख मनातून जात नाही. 1957च्या 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन'ने त्याला पुन्हा लोकप्रियता दिली. 1959 साली तो इंग्लंडला जाऊन स्ट्रॅटफर्डच्या शंभराव्या हंगामात 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला विणकर बॉटम आणि राजा लिअर करून आला. लिअरची स्वप्नं तो कितीतरी वर्षं बघत होता. लोकांना तो लहान वाटला, घरगुती वाटला. गर्जना करणारा राजा त्यांना हवा होता.

ब्रेख्त पूर्व बर्लिनमध्ये गॅलिलिओच्या तालमी घेत असतानाच आजारी पडला आणि 14 ऑगस्ट 1956 रोजी वारला. लॉटनची शेवटची भूमिका 'ॲडव्हाइज अँड कन्सेंट'मधल्या दक्षिणेतल्या म्हाताऱ्या सिनेटरची. कॅन्सरने पोखरलेला असूनही मिसिसिपीचे सिनेटर जॉन स्टेनिस यांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्याने ती बोली गळ्यात उतरवली. 15 डिसेंबर 1962 रोजी हॉलिवूडमध्ये तो गेला. वय 63.

लोझीचंही नाव काळ्या यादीत गेलं आणि त्याला अमेरिका सोडून इंग्लंड गाठावं लागलं. 1975 साली त्याने 'गॅलिलिओ' पडद्यावर आणला. भूमिकेत होता टोपोल, आणि त्याच्या तोंडी इंग्रजी होतं ते पॅसिफिकवरच्या त्या कड्यावर लॉटनने हाताने लिहिलेलं.